इंग्रजी उपपदे आणि उच्चार : मराठी माध्यमातील अध्यापनाची एक चिकित्सा

प्रास्ताविक

महाराष्ट्रात जून २००० पासून सर्व शाळांत इयत्ता पहिलीपासून इंग्रजी हा विषय सुरू झाला. त्यापूर्वी मराठी माध्यमाच्या मुलांची इंग्रजी अक्षरांशी गाठ पाचवीत पडत असे. या निर्णयाच्या बाजूने आणि विरोधात त्या काळी पुष्कळ लिहिले गेले. पहिलीपासून इंग्रजी शिकलेली पहिली पिढी पदवीच्या वर्गांतून बाहेर पडून आता बरीच वर्षे झाली आहेत. वर्गात विचारले जाणारे प्रश्न मात्र बदललेले नाहीत. 'ए' केव्हा आणि 'ॲन' केव्हा? 'द' म्हणावे की 'दी'? सूर्याला 'द' लागतो, मग निसर्गाला का लागत नाही? लिहिताना असलेले अक्षर बोलताना कोठे जाते? पाचवीपासून शिकलेले विद्यार्थी हे प्रश्न विचारीत असत आणि पहिलीपासून शिकलेलेही तेच विचारतात. अध्ययनकाळात चार वर्षांची भर पडूनही प्रश्न तेच राहत असतील, तर उणीव काळाची नसून आपण देत आलेल्या उत्तरांची असावी, अशी शंका घेण्यास जागा आहे.

प्रस्तुत लेखात त्या उत्तरांची चिकित्सा करावयाची आहे. मराठी भाषकांसाठी लिहिलेल्या बहुतेक व्याकरणपुस्तिकांत उपपदांचे प्रकरण एकीकडे असते. उच्चाराचे प्रकरण असलेच तर ते दुसरीकडे, बहुधा परिशिष्टात असते. परीक्षेत उपपदांसाठी रिकाम्या जागा भरावयाच्या असतात आणि उच्चारासाठी बहुधा काहीच नसते. ही विभागणी सोयीची असली तरी तिनेच दोन्ही विषयांचे नुकसान केले आहे. उपपद हा मुळात कानाने शिकण्याचा शब्द आहे आणि आपण तो डोळ्याने शिकवीत आलो आहोत.

पाच अक्षरांचा नियम

पहिला प्रश्न 'ए' आणि 'ॲन' यांचा. शाळेत पाठ केलेले उत्तर सर्वांना ठाऊक आहे : ए, ई, आय, ओ, यू हे पाच स्वर आहेत आणि स्वरांपूर्वी 'ॲन' येतो. या उत्तराचा दोष रेन आणि मार्टिन यांच्यावर टाकण्याची पद्धत आहे, परंतु ती अन्यायाची आहे. 'ए' की 'ॲन' हे ध्वनीवरून ठरते, असे त्यांच्या व्याकरणात स्पष्टपणे सांगितलेले आहे. (यांतील रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते. 'बो जेस्ट' या १९२४ च्या कादंबरीचे लेखक म्हणून जग त्यांना ओळखते, आपण मात्र व्याकरणकार म्हणून.) ध्वनीचा नियम वर्गात येईपर्यंत अक्षराचा झाला. असे का झाले, हे पाहण्यासारखे आहे.

कारण 'स्वर' या शब्दात आहे. मराठी मुलाला स्वर म्हणजे ध्वनी हे बाराखडी शिकतानाच उमगलेले असते. त्याच्या वर्णमालेत ध्वनी आणि अक्षर यांची जोडी बरीच पक्की आहे. इंग्रजीतून आलेल्या ध्वनींसाठी तिने ॲ आणि ऑ हे दोन स्वर सामावून घेतले आणि २००९ च्या शासन निर्णयाने ते वर्णमालेत अधिकृतही झाले. हाच 'स्वर' शब्द आपण इंग्रजीच्या पाच अक्षरांना लावतो. दक्षिण इंग्लंडच्या ज्या प्रमाण उच्चाराचे वर्णन डॅनियल जोन्स आणि त्यांच्यानंतर गिम्सन यांनी केले, त्यात वीस स्वरध्वनी मानले जातात. अक्षरे पाच आणि ध्वनी वीस, ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगितली जात नाही. परिणामी विद्यार्थी 'ॲन युनिव्हर्सिटी' लिहितो आणि 'ए अवर' लिहितो. दोन्ही वेळा त्याने नियम अचूक पाळलेला असतो.

येथे स्वतःची एक चूक नोंदवणे आवश्यक वाटते. अध्यापनाच्या आरंभीच्या काळात प्रथम वर्षाच्या वर्गात एका विद्यार्थिनीने इंग्रजी वर्तमानपत्रातील एक वाक्य दाखवले. त्यात 'एम.एल.ए.' या अक्षरांपूर्वी 'ॲन' छापलेले होते. 'एम' तर व्यंजन आहे, मग हे कसे, असे तिने विचारले. मी ती छपाईची चूक असल्याचे सांगितले आणि तिने ते वहीत उतरवून घेतले. चूक मुद्रकाची नव्हती. 'एम' या अक्षराचे नाव उच्चारताना तोंडातून पहिल्याने 'ए' हा स्वर निघतो आणि त्या स्वरासाठी 'ॲन' येतो. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती असे म्हणता येणार नाही, कारण बोलताना मी स्वतः 'ॲन एम.एल.ए.' असेच म्हणत असे. जे तोंडाला माहीत होते ते मी नियमाच्या नावाखाली नाकारले. ती विद्यार्थिनी पुढे शिक्षिका झाली असेल, तर ती चूक आणखी किती वह्यांत गेली असेल, हे सांगता येत नाही.

'ॲन'मधील 'न' हा पुढच्या शब्दाला चिकटणारा ध्वनी आहे आणि या चिकटण्यात खुद्द इंग्रजी भाषकांचीही फसगत झालेली आहे. आपल्याकडे क्रिकेटमुळे घरोघरी पोहोचलेला 'अंपायर' हा शब्द मध्ययुगीन इंग्रजीत न-ने आरंभ होणारा होता. 'अ नंपायर' ऐकता ऐकता लोकांनी तो 'ॲन अंपायर' असा तोडला. 'एप्रन'चेही तसेच झाले. (आपल्या नारंगाचा 'न' मात्र इंग्रजीत जाण्यापूर्वीच, युरोपातील इतर भाषांच्या वाटेवर गळला.) उपपद कोठे संपते आणि नाम कोठे सुरू होते, हे ठरवणारा कान होता, याचा यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही.

'लिहितो तसे बोलतो' हा समज

मराठी ही लिहितो तशी बोलली जाणारी भाषा आहे आणि इंग्रजी तशी नाही, असे विधान शिक्षक मोठ्या अभिमानाने करतात. त्यामुळे इंग्रजीचा उच्चार हा लहरीपणाचा प्रांत ठरतो आणि विद्यार्थी आधीच हार मानतो. प्रत्यक्षात हे विधान अर्धेच खरे आहे. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जगण्याची आज्ञा, ही दोन्ही रूपे एकाच अक्षरांनी लिहिली जातात, पण त्यांतील 'ज' वेगवेगळे आहेत. 'संप', 'संथ', 'संशय' आणि 'सिंह' यांवरील अनुस्वार चार तऱ्हांनी उच्चारला जातो. 'कमळ'मध्ये 'म'चा अ ऐकू येतो आणि 'कमळाला' म्हणताना तो नाहीसा होतो. मराठी मूल हे सारे कोणी न शिकवता करते. अक्षर असूनही ध्वनी नसणे ही गोष्ट त्याला परकी नाही. इंग्रजीतील 'डेट', म्हणजे ऋण, या शब्दातला 'बी' लॅटिन मूळ दाखवण्याच्या हौसेने विद्वानांनी मागाहून घातला, एवढे सांगितले तरी लहरीपणाचे गूढ बरेच उतरते.

मराठी भाषकांचे उच्चारदोष म्हणून ज्या याद्या दिल्या जातात, त्यांतही विवेक आढळत नाही. अखिल भारतीय दोष मराठीवर सरसकट लादले जातात. उदाहरणार्थ, भारतीयांना 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांतील भेद कळत नाही, असे म्हटले जाते. मराठीने मात्र हा भेद लिपीतच करून ठेवला आहे. आपण 'टीव्ही', 'व्हिसा', 'व्हॅन' लिहितो, परंतु 'वॉच', 'वॉर्ड', 'वायर' लिहितो. 'व्ह' हा इंग्रजी ध्वनीचा तंतोतंत प्रतिध्वनी नाही, हे खरे. तरी दोन ध्वनी दोन आहेत ही जाणीव मराठी कानाने केव्हाच टिपली आणि तिला चिन्हही दिले. कोणत्याही पुस्तिकेने या भांडवलाचा उपयोग केलेला माझ्या पाहण्यात नाही.

याउलट जो दोष खरोखर मराठीचा आहे, त्याची चर्चा क्वचित होते. 'शिप'चे 'शीप', 'फिल'चे 'फील' आणि 'पुल'चे 'पूल' का होते? मराठीत अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार-उकार दीर्घ असतो आणि सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो : फूल-फुलाला, वकील-वकिलाला. इंग्रजीतून आलेला 'तिकीट' हा शब्दही या शिस्तीत बसला. मूळचा ऱ्हस्व ध्वनी 'तिकीट'मध्ये दीर्घ झाला आणि 'तिकिटाला' म्हणताना पुन्हा ऱ्हस्व झाला. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ हे शब्दातील स्थानावर अवलंबून असते, त्यावरून अर्थ बहुधा बदलत नाही. इंग्रजीत 'शिप' आणि 'शीप' या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि त्यांच्या स्वरांत लांबीइतकाच जिभेच्या ठेवणीचाही फरक आहे. हे कारण विद्यार्थ्याला समजले तर तो आळशी किंवा खेडवळ नाही, आपल्या भाषेचा नियम पाळणारा आहे, हे त्याच्या लक्षात येईल. ज्या वर्गात 'शिनेमा' म्हटल्यावर हसू उमटते, त्या वर्गात या समजुतीची किंमत मोठी आहे. हसू ऐकलेला विद्यार्थी पुन्हा तोंड उघडत नाही. त्याचे उच्चार सुधारण्याची संधीही तेथेच संपते.

फलकावरचा 'दि'

आता उपपदांच्या उच्चाराकडे येऊ. महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी जुन्या सहकारी बँकेचा किंवा संस्थेचा फलक पाहावा. त्यावर नावाच्या आधी 'दि' दिसतो. पुढचा शब्द स्वराने सुरू होवो वा व्यंजनाने, 'दि' ठरलेला. इंग्रजी बोलण्यात व्यंजनापूर्वी हे उपपद 'द' असे, अगदी निसटते उच्चारले जाते, स्वरापूर्वी 'दि' असे आणि जोर द्यावयाचा असेल तेव्हाच 'दी' असे. फलकावरचा 'दि' हा नावाची शोभा वाढवणारा आहे, त्याच्याकडून व्याकरणाची अपेक्षा कोणी करू नये. परंतु वर्गातही आपण हाच फलकाचा उच्चार शिकवतो. 'ए' हे उपपद आपण अक्षराच्या नावाने, 'ए बुक', 'ए पेन' असे दीर्घ व ठाशीव उच्चारतो. मुले ते तसेच एका सुरात म्हणतात.

प्रत्यक्ष इंग्रजी संभाषणात हे उपपद असे क्वचितच येते. ते आघातहीन असते आणि त्याचा स्वर म्हणजे केवळ 'अ' असतो. येथे एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. इंग्रजीतील हा सर्वांत अधिक वापरला जाणारा स्वर मराठीच्या वर्णमालेतील पहिल्या अक्षराच्या अगदी जवळचा आहे. ज्या ध्वनीसाठी इतर अनेक भाषांच्या विद्यार्थ्यांना सायास पडतात, तो मराठी मुलाला जन्मतः येतो. 'अ बुक', 'द बुक' म्हणणे त्याला मुळीच कठीण नाही. ते त्याला कठीण केले आहे ते छापील अक्षराने आणि त्या अक्षराच्या नावाने.

याचा परिणाम केवळ बोलण्यावर झाला असता, तर तो दुय्यम मानता आला असता. जेनिफर जेन्किन्स यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात आंतरराष्ट्रीय इंग्रजीसाठी कोणते उच्चार अत्यावश्यक आहेत, याचा विचार केला आहे. 'थ', 'द' यांचे इंग्रजी उच्चार आणि उपपदांसारख्या शब्दांची दुर्बल रूपे त्यांनी अत्यावश्यकांत धरलेली नाहीत. बोलणाऱ्याच्या बाजूने हे मत मान्य करण्यास हरकत नाही. मराठी भाषकाचे 'थँक्स' जगात कोठेही समजते, त्यासाठी जीभ दातांत धरण्याचा अट्टहास अनावश्यक आहे. आपल्याकडेही रा. कृ. बन्सल यांनी भारतीय इंग्रजी परक्या श्रोत्याला कितपत समजते, याचा शोध १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हापासून प्रश्न प्रामुख्याने 'आपले बोलणे त्यांना समजेल का' असाच मांडला गेला. परंतु विद्यार्थी प्रथम ऐकणारा असतो. जो 'ए' आणि 'दी' यांची वाट पाहत आहे, त्याच्या कानावर 'अ' आणि 'द' पडले तरी ते त्याला उपपद म्हणून ऐकूच येत नाहीत. मग त्याच्या दृष्टीने इंग्रज माणूस बोलताना उपपदे वापरतच नाही, ती फक्त लिहिण्यासाठी आणि परीक्षेसाठी असतात. जे ऐकलेच नाही ते वापरून वापरून अंगवळणी पडण्याचा मार्ग बंद होतो आणि उरते ती नियमांची यादी. सेठी आणि धमिजा यांच्या १९८९ च्या पाठ्यपुस्तकासारखी पुस्तके दुर्बल रूपांची ओळख करून देतात, परंतु ती पदवीला इंग्रजी विशेष विषय घेणाऱ्यांपर्यंत पोहोचतात. तोपर्यंत दहा-बारा वर्षांची सवय होऊन गेलेली असते.

मराठीत उपपद नाही, म्हणजे काय?

ती यादी सर्वपरिचित आहे. सूर्य, चंद्र, नद्या, पर्वतरांगा, धर्मग्रंथ, वर्तमानपत्रे आणि विशेषणांचा तमभाव यांना 'द' लागतो. विद्यार्थी ती पाठ करतो आणि निबंध लिहिताना 'द नेचर', 'द सोसायटी', 'द लाइफ' लिहून मोकळा होतो. त्याच्या दृष्टीने निसर्ग सूर्याइतकाच एकमेव आहे. हा तर्क चुकीचा म्हणता येणार नाही, तो अपुरा आहे.

पुस्तिकांचे स्पष्टीकरण एका वाक्याने सुरू होते : मराठीत उपपदे नाहीत. शब्द म्हणून नाहीत, हे खरे. परंतु उपपदे जे काम करतात, ते काम मराठीत होत नाही काय? 'टेबलावर पुस्तक आहे' आणि 'पुस्तक टेबलावर आहे' या दोन वाक्यांत शब्द तेच आहेत. पहिल्या वाक्यात ऐकणाऱ्याला ठाऊक नसलेले कोणतेतरी पुस्तक आहे. दुसऱ्यात, ज्याविषयी आधी बोलणे झाले आहे ते पुस्तक आहे. इंग्रजी पहिल्या ठिकाणी 'अ बुक' म्हणते आणि दुसऱ्या ठिकाणी 'द बुक'. मराठीने तोच भेद शब्दक्रमाने केला. विभक्तीही हे काम करते. 'मुलगी पाहायला गेले आहेत' असे म्हटले की लग्नाची बोलणी ध्यानात येतात, मुलगी कोणती हा प्रश्न गौण असतो. 'मुलीला पाहायला गेले आहेत' म्हटले की ती माहितीतली, बहुधा आजारी असलेली किंवा दूर गावी राहणारी मुलगी असते. एका 'ला' प्रत्ययाने घर बदलते. 'एक होता राजा' अशी गोष्ट सुरू करणारी आजी पुढच्या वाक्यात 'राजाला दोन राण्या होत्या' असे म्हणते, 'एका राजाला' असे कधीही म्हणत नाही. पहिल्या उल्लेखाला 'एक' आणि नंतर नुसता 'राजा', हा 'अ किंग' आणि 'द किंग' यांचाच पाठ आहे.

हे भांडवल बाजूला सारून भाषांतरपद्धतीने दुसरीच वाट धरली. तर्खडकरांच्या भाषांतरमालेने अनेक पिढ्यांना इंग्रजी शिकवले, ते ऋण नाकारण्याचे कारण नाही. तथापि शब्दास शब्द देण्याच्या सवयीतून 'ए'ला 'एक' हा प्रतिशब्द मिळाला आणि 'हे एक पुस्तक आहे', 'तो एक शिक्षक आहे' अशी वाक्ये वर्गात रूढ झाली. कोणीही मराठी माणूस पुस्तक दाखवताना 'हे एक पुस्तक आहे' म्हणत नाही. मूल ही वाक्ये म्हणते तेव्हा ते इंग्रजी शिकत नसते आणि मराठीही बोलत नसते. उलट दिशेने याची वसुली होते. मराठीत 'तो शिक्षक आहे' यात 'एक' नाही, म्हणून इंग्रजीत 'ही इज टीचर' होते आणि लाल शाईचे वर्तुळ पडते.

हे वर्तुळ केवळ गुणांपुरते असते तर त्यावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. 'फ्यू' आणि 'अ फ्यू', 'लिटल' आणि 'अ लिटल' यांत एका 'अ'चा फरक आहे. 'लिटल होप' म्हणजे आशा जवळजवळ नाही, 'अ लिटल होप' म्हणजे थोडी आहे. वैद्याने किंवा वकिलाने इंग्रजीतून सांगितलेले असे वाक्य ज्याला 'अ'सह ऐकू येत नाही, तो घरी काय निरोप घेऊन जाईल? हा निसटता स्वर ऐकू येणे वा न येणे याला काही प्रसंगी असे वजन येते.

श्रुतलेखन

शाळांतून श्रुतलेखन जवळजवळ हद्दपार झाले आहे. ते शब्दांच्या वर्णलेखनाची परीक्षा म्हणून घेतले जाई आणि शिक्षक शब्द तोडून तोडून सांगत. आमच्या महाविद्यालयात काही वर्षांपासून प्रथम वर्षाच्या वर्गात मी ते वेगळ्या रीतीने घेतो. चार-पाच वाक्यांचा साधा उतारा असतो : एक शेतकरी बाजाराला निघाला, वाटेत त्याला एक मुलगा भेटला, मुलाच्या हातात पिशवी होती, पिशवीत काय होते ते शेतकऱ्याने विचारले. पहिल्या वेळी मी तो नेहमीच्या बोलण्याच्या गतीने, उपपदे निसटती ठेवून वाचतो. वह्यांत बहुधा 'फार्मर', 'मार्केट', 'बॉय', 'बॅग' एवढेच उतरते. दुसऱ्या वेळी प्रत्येक शब्द सुटा करून, 'ए फार्मर', 'दी मार्केट' असे वाचतो, तेव्हा बहुतेकांच्या वह्यांत सर्व उपपदे जागच्या जागी येतात. म्हणजे नियम ठाऊक नसणे ही अडचण नव्हती. तिसऱ्या वेळी पुन्हा पहिल्याच गतीने वाचतो आणि जेथे काहीतरी ऐकल्याचा भास होईल, पण काय ते कळणार नाही, तेथे नुसती रेघ ओढावयास सांगतो.

याने सर्व काही साधते, असा दावा नाही. मोठ्या वर्गात मागच्या बाकांपर्यंत निसटता 'अ' पोहोचत नाही, आणि शिक्षकाचा स्वतःचा उच्चारही याच शाळांत घडलेला असतो. माझाही तसाच घडलेला आहे. पहिल्या एक-दोन आठवड्यांत वह्यांत रेघा फारशा दिसत नाहीत. पुढे त्या वाढू लागतात. मागील वर्षी अशाच एका तासानंतर, शाळेत मराठी माध्यमातून शिकलेला एक विद्यार्थी वही घेऊन आला. त्याने 'फार्मर'च्या आधी एक अगदी आखूड रेघ ओढली होती आणि पुढे प्रश्नचिन्ह केले होते. त्याने विचारले, "सर, इथे काही शब्द होता की तुम्ही नुसता श्वास घेतलात?"